बसमधून वाचता आलं पाहिजे

शुक्रवारी फौंड्रीत दाखवायचं होतं:
मालातली खोट, कारणं, उपाय.
गुरुवारी रात्री मंगळवार पेठेत मामांपुढे लॅपटॉप उघडला
तेव्हा पहिल्याच स्लाइडवर चौदा मुद्दे, तीन आलेख,
मागे मावळतीचा रंकाळा
आणि कोपऱ्यात गरगरणारं एक दातेरी चाक.

हिंदुराव पेंटरांनी चष्मा कपाळावर चढवला,
डोळे किलकिले केले.
शिडीवरून उतरून, रस्ता ओलांडून
आपलीच अक्षरं ते अशीच बघायचे.
"काय दिसतंय सांगू?
वाढदिवसाचा फ्लेक्स.
साठ चेहरे, आन् वाढदिवस कुणाचा
त्ये कुणालाच कळंना."

मी म्हटलं, मामा, सगळंच महत्त्वाचं आहे.
"असंल की.
खासबागच्या मैदानाची पोस्टरं रंगवली मी.
चाळीस जोड्या असायच्या.
पयली जोडी हातभर अक्षरात,
दुसरी वीतभर,
बाकीच्या बोटाएवढ्या, पंच मुंगीएवढं.
सगळंच पैलवान थोरलं काढलं
तर त्येला कुस्ती म्हनत न्हाईत, जत्रा म्हनत्यात."

मग कपाटावरच्या डब्यातून
निळीत बुडवलेली सुतळी काढली.
एक टोक माझ्या हातात, दुसरं त्यांच्या.
ताणून टण्णकन सोडली.
मामी आतून ओरडल्या, कालच भिंत पुसलीय!
भिंतीवर निळी, सरळ, थरथरती रेघ.
"हिला टांग सगळं.
आपल्या अक्षराच्या डोक्यावर रेघ हायच,
तू एकेक ओळ येगळ्या खुंटीला का अडकीवतीस?"

पांढऱ्यावर पिवळं बघून त्यांनी नुसतं च्च केलं.
लालवर बोट ठेवलं, सात ठिकाणी.
"लाल म्हंजे हाळी.
एकदा दिली तर मानूस वळतंय.
सारखी दिली तर म्हनतंय, येडा हाय."

मोकळ्या जागेचं मात्र ते लगेच बोलले नाहीत.
चहा संपला, बशी पुसली, मग म्हणाले,
"ह्ये शिकायला धा वर्सं गेली.
गिऱ्हाईक म्हनायचं, भिंतीचं पैसं दिल्यात, समदी भरा.
अवो, भिंत तुमची,
पर बघनाऱ्याच्या डोळ्याला टेकायला कट्टा नगो?
आन् एक ध्यानात ठेव.
केएमटी स्टॉपवर थांबत न्हाई असं धर.
तेवढ्यात वाचून झालं पायजे."

रात्री एकेक मुद्दा काढत गेले.
जागून लिहिलेलं खोडताना हात अडतो.
चाक गेलं.
रंकाळाही गेला, तो काय, सकाळी जागेवरच होता.

शिरोळीच्या हॉलमध्ये दुपारचं ऊन थेट पडद्यावर.
काळ्यावर एकच फोटो:
कापलेलं कास्टिंग, पोटात भोक.
खाली पिवळ्यात: शंभरात सात.
मगदूम साहेबांनी विचारलं, बाकीचं कुठाय?
म्हटलं, तोंडात आहे, सर.
कुणी हसलं नाही.

आणि मी तोंड उघडायच्या आत
शेवटच्या रांगेतून भट्टीवरचा इरगोंडा,
जो मीटिंगमध्ये हटकून झोपतो,
पडद्याकडे बघत म्हणाला,
"वाळूत पाणी जादा पडतंय. पहाटंच्या पाळीला."
माझ्या जुन्या फाइलीत हे होतं.
नवव्या स्लाइडवर, अकरावा मुद्दा.
पहाटेची पाळी मात्र नव्हती.

चौथ्या स्लाइडला त्यांच्या मशिनवर माझा फॉण्ट नव्हता.
'वाळू'च्या जागी तीन रिकामे चौकोन आले.
मी घसा खाकरला, तोंडानं वाळू म्हटलं,
पुढे गेले.

संध्याकाळी मामांना हे सांगितलं.
ते टर्पेंटाइनमध्ये जुना ब्रश भिजवत होते,
कशासाठी कोण जाणे, पाच वर्षांत पाटी आलेली नाही.
म्हणाले, "परगावी जाताना
ब्रश आपला न्यायचा असतोय, पोरी."

मगदूम साहेबांनी लोगो मोठा करायला सांगितलाय.
कुंकवाएवढा आहे.
अजून केलेला नाही.